नादारीचा अर्ज करण्यापूर्वी आणि केल्यानंतर: बेळगाव सीमाभागातील कर्जदारासाठी

बेळगावच्या बाजारपेठेत एखादे दुकान कायमचे बंद झाले, की 'त्याने दिवाळे काढले' असे लोक म्हणतात. 'त्याचे दिवाळे निघाले' असे म्हणणारे थोडे असतात. फरक एका क्रियापदाचा आहे. पण पहिल्या वाक्यात माणसाने ते ठरवून केले असा आरोप आहे आणि दुसऱ्यात ते त्याच्यावर ओढवले एवढीच नोंद आहे. कायद्याच्या मराठीत याहून जुना एक शब्द आहे, नादार. तो फारसीतून आला आणि त्याचा अर्थ 'ज्याच्यापाशी काही नाही तो' इतकाच आहे. त्यात आरोप नाही. आपण नादार आहोत असे न्यायालयाने ठरवावे, यासाठी कर्जदार करतो तो नादारीचा अर्ज.

शहापूर-वडगावचे मागवाले म्हणजे कापड विणणारे, उद्यमबागेतील लहान कारखानदार, निपाणीकडचे तंबाखूचे व्यापारी अशा अनेकांच्या वह्या लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यांपैकी काही बुडाले. कर्जाने जेवढे नुकसान केले नाही तेवढे कर्ज लपवण्याच्या धडपडीने केले, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले. लाजेपोटी माणूस जुने कर्ज झाकण्यासाठी नवे कर्ज काढतो, घर बायकोच्या नावावर करतो, दारात येऊन ओरडणाऱ्याला आधी पैसे देतो आणि वही लिहिणे बंद करतो. नेमक्या याच चार गोष्टी पुढे न्यायालयात त्याच्याविरुद्ध उभ्या राहतात. म्हणून लाज बाजूला ठेवणे ही अर्जाच्या तयारीचीच पहिली पायरी आहे, असे मी मानतो आणि या लेखात तिला कागदपत्रांइतकेच महत्त्व दिले आहे.

आपल्याला कोणता कायदा लागू होतो

मोबाइलवर दिसणाऱ्या बहुतेक चित्रफिती २०१६ च्या दिवाळखोरी संहितेविषयी बोलतात. त्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला, पण तो केवळ कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. आपण आपल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जाला हमीदार म्हणून सही केली असेल, तर त्या मार्गाचा सल्ला स्वतंत्रपणे घ्यावा. बाकीच्यांना, म्हणजे दुकानदार, विणकर, नोकरदार, शेतकरी, भागीदारीत धंदा करणारे या सर्वांना, १९२० चा प्रांतीय नादारी कायदा लागू आहे. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९ चा वेगळा कायदा असल्यामुळे मुंबईत राहणाऱ्या भावाचा किंवा मेहुण्याचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

कर्ज ५०० रुपयांचे किंवा त्याहून अधिक आहे आणि ते फेडण्यास आपण असमर्थ आहोत, असे म्हणणारा कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. दिवाणी हुकूमनाम्याच्या, म्हणजे पैसे देण्याविषयीच्या न्यायालयाच्या निकालाच्या, बजावणीत अटक झाली असेल किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम असेल, तरीही अर्ज करता येतो. माणूस जिथे राहतो, धंदा करतो किंवा पोटासाठी काम करतो, तिथल्या न्यायालयात तो दाखल होतो. बेळगावात राहणाऱ्याचे काही धनको, म्हणजे ज्यांचे देणे आहे ते, कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा चंदगडकडचे असले तरी त्याने राज्याच्या सीमेची काळजी करू नये. यादीत त्यांची नावे घातली पाहिजेत एवढेच. मूळ अधिकार जिल्हा न्यायालयाचा असून तो खालच्या दिवाणी न्यायालयालाही दिलेला असू शकतो. आपल्या तालुक्यापुरते नेमके कुठे जायचे ते वकिलाकडून समजून घ्यावे.

तारण ठेवून घेतलेल्या कर्जावर या अर्जाचा फारसा परिणाम होत नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे. घर गहाण असेल, तर बँकेचा त्या घरावरील हक्क कायम राहतो. एकच धनको असेल आणि तो बोलायला तयार असेल, तर लोकअदालतीत तडजोड करणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे ठरते.

तुरुंगाची भीती

सर्वांत खोलवर बसलेली भीती अशी, की पैसे बुडवले म्हणजे बेड्या पडतात. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ फेडता आले नाही एवढ्यावरून कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असूनही देण्याचे टाळणे, म्हणजे वाईट हेतू, दिसला पाहिजे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. नादारीचा अर्ज करणाऱ्याला अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही न्यायालयाकडे मागता येतो. चेक न वटल्याचा फौजदारी खटला मात्र वेगळा असतो आणि नादारीच्या अर्जाने तो आपोआप थांबत नाही. चेक दिलेले असतील तर ही गोष्ट वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावी.

यादी करणे

एका रविवारी घरात बसून आपण कोणाचे किती देणे लागतो ते सर्व लिहून काढावे. बँक, सोसायटी, सौहार्द सहकारी संस्था, मायक्रोफायनान्सचा गट, सोन्यावरचे कर्ज, खताचे दुकान, उचललेली भिशी, सासरकडचे हातउसने, मीटर बड्डीवाला म्हणजे चढ्या व्याजाचा सावकार, गल्लीतील किराणा हे सर्व त्यात आले पाहिजे. लोक बँकांची नावे सहज लिहितात आणि मामाकडून घेतलेले चाळीस हजार गाळतात, कारण ते 'घरातले' असतात. असे करू नये. अर्जात प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता व रक्कम द्यावी लागते आणि आपल्या सर्व मालमत्तेचे वर्णन, किंमत व ठिकाणही लिहावे लागते. नाव गाळले तर त्या माणसाला आपला हक्क मांडता येत नाही आणि आपल्यावर लपवाछपवीचा ठपका येतो.

ही यादी करताना माणसे रडतात, हे मी पाहिले आहे. एका मागवाल्याने तर सतरा नावे लिहिली आणि अठराव्या नावापाशी पेन खाली ठेवले. ते नाव त्याच्या धाकट्या बहिणीचे होते. दुसऱ्या दिवशी त्याने ते लिहिले. त्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर जो सैलपणा आला तो आजही मला आठवतो, कारण एकूण आकडा किती हे त्याला त्या दिवशी प्रथमच कळले होते आणि तो त्याच्या मनातल्या आकड्यापेक्षा कमी होता.

यादीबरोबर किर्द, खतावणी, बँकेची पासबुके, जमिनीचा उतारा, कर्जाचे करार, नोटिसा आणि पगारपत्रके एका पिशवीत जमवावीत. व्यापाऱ्याच्या बाबतीत अर्जापूर्वीच्या तीन वर्षांत धंद्याच्या रीतीप्रमाणे वह्या ठेवल्या होत्या की नाही, हे न्यायालय पाहते. अर्धवट असलेली वही तशीच द्यावी. मागाहून लिहून पूर्ण करू नये.

या काळात काय करू नये

लाजेची किंमत खरोखर इथे मोजावी लागते, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

पहिली गोष्ट, मालमत्ता कोणाच्याही नावावर करू नये. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत योग्य मोबदल्याशिवाय केलेले बक्षीसपत्र किंवा हस्तांतर रिसिव्हर, म्हणजे कर्जदाराची मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी न्यायालयाने नेमलेला माणूस, रद्द करून घेऊ शकतो. पत्नीची स्वतःची मिळकत आणि तिचे स्त्रीधन तिचेच राहते, त्याला भिण्याचे कारण नाही. पण नोटीस आल्यावर घाईघाईने तिच्या नावावर केलेले घर तिला वाचवत नाही, उलट तिलाही साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ऊसबिल जमा झाले किंवा भिशी लागली, की ज्याच्यासमोर मान खाली घालावी लागते त्या नातेवाइकाचे पैसे आधी देऊन टाकावेत असे वाटते. भावना समजण्यासारखी आहे, पण अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एका धनकोला इतरांच्या आधी झुकते माप दिले, तर ते देणे रद्द होऊ शकते आणि मुक्ततेच्या वेळी, म्हणजे उरलेल्या कर्जातून न्यायालयाने मोकळे करायचे तेव्हा, ते आपल्याविरुद्ध मोजले जाते. मेहुण्याला दिलेले पैसे रिसिव्हरने त्याच्याकडून परत मागितले, तर जी लाज टाळायची होती ती दुपटीने पदरी पडते.

तिसरी गोष्ट, फेडता येणार नाही हे ठाऊक असताना नवे कर्ज घेऊ नये, आणि धंदा बुडीत आहे हे कळूनही केवळ शटर उघडे दिसावे म्हणून तो रेटू नये. 'दुकान बंद केले तर लोक काय म्हणतील' या एका वाक्यापायी दोन वर्षे तोट्यात चाललेली दुकाने मी पाहिली आहेत. जुगार, सट्टा, उधळपट्टी यांमुळे बुडालेल्याला कायदा कठोर आहे. पण पाऊस, मंदी, आजारपण, बुडालेली उधारी किंवा कारखान्याने थकवलेले पैसे यांमुळे बुडालेल्याला तो तसा नाही.

घरात कोणाला आणि केव्हा सांगावे

पत्नीला किंवा पतीला वकिलाकडे जाण्यापूर्वी सांगावे. बहुतेक घरांत तिला अर्धे आधीच कळलेले असते आणि उरलेले अर्धे ती मनात वाढवून बसलेली असते. त्यानंतर जामीनदारांना भेटावे, फोनवर सांगू नये. ही भेट कोणीही टाळू पाहील, पण आपली मुक्तता झाली तरी जामीनदाराची होत नाही, धनको त्याच्याकडे जाऊ शकतो, म्हणून त्याला ते आपल्या तोंडून कळणे हा त्याचा हक्क आहे. त्याच्यासमोर यादी ठेवावी, किती बोजा त्याच्यावर येऊ शकतो तो आकडा सांगावा आणि त्याने आपला स्वतंत्र वकील पाहावा असे सुचवावे. तो रागावेल, आणि त्याला रागावू द्यावे.

मुलांना त्यांच्या वयाला झेपेल तेवढे सांगावे. मोठ्या मुलांना हे अवश्य सांगावे, की बापाचे कर्ज बापाचे असते. केवळ मुलगा आहे म्हणून कर्ज फेडण्याचे धार्मिक बंधन ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांबाबत न्यायालये मानत नाहीत. वडिलांच्या पश्चात वारसाकडे जी मिळकत येते, तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते. 'पोराच्या डोक्यावर कर्ज ठेवून चाललो' ही टोचणी आपल्याकडे माणसाला फार खोल नेते. ती इतकी वाढली की जगणे नको वाटू लागले, तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसला त्याच क्षणी फोन करावा. तो विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालतो.

दारात येणारे वसुलीवाले

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी ही मर्यादा सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे. गटातील बायकांना घरासमोर बसवणे, दारावर रंगाने लिहिणे, नातेवाइकांना फोन करून बदनामी करणे हे प्रकार आपल्या जिल्ह्यालाही नवीन नाहीत. अशा जबरदस्तीविरुद्ध कर्नाटकाने २०२५ मध्ये खास कायदा केला असून त्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तारीख, वेळ, कोण आले आणि काय बोलले हे एका वहीत लिहून ठेवावे आणि पोलिसात लेखी तक्रार द्यावी.

वकील आणि भाषा

वकिलाची फी परवडत नसेल, तर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, दिव्यांगांना, औद्योगिक कामगारांना आणि ठराविक उत्पन्नाच्या आतील सर्वांना विनामूल्य वकील मिळतो. स्त्रियांच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

आपल्या भागात एक अडचण जास्तीची असते. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत तयार होतो आणि आपल्या चिठ्ठ्या, वह्या, पतसंस्थेची कागदपत्रे मराठीत असतात. समजले नाही हे सांगण्याची लाज वाटते म्हणून माणसे न वाचता सही करतात. पण तो मजकूर खरा असल्याची जबाबदारी सही करणाऱ्याची असते, म्हणून वकिलाला अर्जाचे प्रत्येक पान मराठीत वाचून दाखवण्यास सांगावे, आकडे आपल्या यादीशी ताडून पाहावेत आणि मगच सही करावी. मराठी कागदांचे भाषांतर करावे लागेल हे गृहीत धरून आठ-पंधरा दिवस हाताशी ठेवावेत.

जाहीर नोटीस निघते तो दिवस

अर्ज दाखल झाल्यावर सुनावणीची तारीख पडते आणि धनकोंना नोटिसा जातात. फेडण्याची ऐपत नाही हे न्यायालयाला प्रथमदर्शनी पटले, की नादार ठरवणारा हुकूम होतो आणि मुक्ततेसाठी अर्ज किती मुदतीत करायचा तेही त्यात लिहिलेले असते. हा हुकूम राजपत्रात नाव-पत्त्यासह प्रसिद्ध होतो, वर्तमानपत्रातही नोटीस येऊ शकते. हॉटेलात चहाबरोबर वाचला जाणारा तो चौकोन हीच खरी धास्ती असते.

त्या दिवशी घरी लपून बसू नये, असा माझा आग्रह आहे. आदल्या दिवशी शेजारच्या दोन-तीन घरी, भावकीत आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना आपणच सांगावे: 'धंदा बुडाला, मी कोर्टात सर्व हिशेब दिला आहे, उद्या पेपरात नोटीस येईल.' एवढी तीन वाक्ये पुरतात. ज्याला आधी सांगितले आहे त्याला कुजबुजण्यासारखे काही उरत नाही. मुलीचे स्थळ पाहणे चालू असेल, तर वरपक्षालाही हेच सांगावे. त्यामुळे एखादे स्थळ मोडेलही. लपवून जमवलेले लग्न कळल्यावर मुलीला जे सोसावे लागते त्यापुढे ते कमी आहे.

घरातले काय जाते, काय राहते

हुकूम झाल्यावर कर्जदाराची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसिव्हरच्या ताब्यात जाते आणि यापुढे न्यायालयाच्या परवानगीशिवाय बिनतारणी धनकोला वेगळा दावा लावता येत नाही. रोज नव्या नोटिशीने दचकणाऱ्या घराला हा मोठाच विसावा असतो. शेतजमीन, प्लॉट, गाडी, दुकानातील माल यांना साधारणपणे संरक्षण नाही, हे कटू असले तरी स्पष्ट सांगितले पाहिजे.

पण घर उघडे पडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नये असे दागिने जप्तीतून वगळले आहेत. मंगळसूत्र ओढून नेतील ही भीती म्हणून निराधार आहे. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, लागतील तेवढी जनावरे व बियाणे, शेतकऱ्याचे आणि मजुराचे राहते घर, भविष्य निर्वाह निधी, विम्याची रक्कम आणि पगाराचा मोठा भाग यांनाही संरक्षण आहे. हाताने विणणाऱ्याचा माग आणि कारखान्यातील यंत्रमाग यांत फरक होऊ शकतो, त्याविषयी वकिलाला नेमके विचारावे.

मुक्तता होईपर्यंत काही बंधने असतात. आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा अधिक उधार घेणे हा गुन्हा आहे, म्हणून किराणा दुकानातही रोखीनेच व्यवहार करावा. ग्रामपंचायत, नगरपालिका यांचे सदस्यत्व, आमदारकी, खासदारकी आणि कंपनीचे संचालकपद या काळात मिळत नाही. सरकारी नोकराने आपल्या खात्याला कळवणे आवश्यक असते. या काळात वारशाने किंवा अन्यथा आलेली मालमत्ताही रिसिव्हरकडे जाते.

मुक्तता आणि दाखला

हुकुमात दिलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज केलाच पाहिजे. तो केला नाही तर नादारीचा हुकूमच रद्द होऊ शकतो आणि धनको पुन्हा मोकळे होतात. आता सर्व संपले असे समजून घरी बसलेल्या माणसांची इथे सर्वाधिक हानी होते. मालमत्तेतून रुपयामागे ५० पैसेही निघत नसतील, तर पूर्ण मुक्तता मिळणे कठीण असते. मात्र तसे होण्यास आपण जबाबदार नव्हतो हे दाखवता आले, तर ती अडचण दूर होते. सरकारी देणी, फसवणुकीने केलेली कर्जे आणि पोटगी यांतून मात्र मुक्तता मिळत नाही.

आणि या अर्जासोबत आणखी एक मागणी करण्यास वकिलाला आवर्जून सांगावे. कायद्याच्या ७३ व्या कलमात अशी सोय आहे, की ही नादारी दुर्दैवाने आली, त्यात अर्जदाराचे कोणतेही गैरवर्तन नव्हते, असा दाखला मुक्ततेच्या हुकुमाबरोबर न्यायालय देऊ शकते. पंचायतीची निवडणूक लढवण्यावरील बंधन या दाखल्याने उठते. ज्याला निवडणूक कधीच लढवायची नाही त्यानेही तो मागावा, कारण 'दिवाळे काढले' आणि 'दिवाळे निघाले' यांतील फरक न्यायाधीशांच्या सहीने लिहून मिळण्याची ही एकमेव जागा आहे. वर सांगितलेली सर्व पथ्ये, पूर्ण यादी, न बदललेली वही, कोणालाही न दिलेले झुकते माप, याच दाखल्यासाठी उपयोगी पडतात.

हुकूम आणि दाखला यांच्या प्रमाणित प्रती किमान चार घ्याव्यात: एक घरी, एक वकिलाकडे, एक जामीनदाराला दाखवण्यासाठी आणि एक सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडे नोंद सुधारून घेण्यासाठी. अशा प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून यादीतील प्रत्येक खाते त्याच्याशी ताडून पाहावे आणि चूक आढळल्यास हुकुमाची प्रत जोडून लेखी हरकत घ्यावी.